कंदीलवाला बेडूक

आमच्या साताऱ्याच्या घरात लॅमिनेशन व्हायची राहिलीत ती फक्त आपण माणसं, असं आई म्हणायची. आबा म्हणजे माझे आजोबा. फौजेतून सुभेदार होऊन परत आले, पण सगळी नोकरी त्यांनी भांडारात काढलेली. कुणाला किती मोजे दिले, कुणाची पाण्याची बाटली फुटली, कुणाचा रेनकोट हरवला, हेच आयुष्यभर बघितल्यामुळे त्यांचा कागदावर म्हणून भरवसा नव्हता. कागद भिजतो, उंदीर कुरतडतात, घडीवर फाटतो. त्यामुळे कचेरीबाहेरच्या लॅमिनेशनवाल्याकडे त्यांची आठवड्याला एक फेरी ठरलेली. पेन्शनचा कागद झाला, माझा जन्मदाखला झाला, आरत्यांचा कागद झाला, साताऱ्याहून सुटणाऱ्या गाड्यांचं स्वतःच्या हातानं लिहिलेलं वेळापत्रक झालं, आईचं चकलीच्या भाजणीचं प्रमाणसुद्धा झालं. एकदा रेशनकार्डही करून आणलं. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "सुभेदारसाहेब, आता मी यावर लिहू कुठं?" तर आबा म्हणाले, "लिहू नगंस. पण फाटणार न्हाई बघ."

घरात आम्ही तिघंच. पप्पाही फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे. आजीला मी पाहिलेलंच नाही. आई एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात होती. पहिल्या पाळीचा भोंगा लांबून ऐकू आला की घरात भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, त्यात आबांच्या ट्रान्झिस्टरवरच्या बातम्या, त्यात कुकरची शिट्टी. घेवड्याची आमटी, ज्वारीची भाकरी, खलबत्त्यात कुटलेला ठेचा. आबा चहा पितळी मगातून प्यायचे आणि तो ठणकन उपडा ठेवून "खल्लास" म्हणायचे. तो आवाज आला की मी शाळेला निघायचं. आज माझ्या स्वयंपाकघरात गोडगोड आवाजात बोलणारं मशीन आहे, वेळ सांगतं, पाऊस पडेल का तेही सांगतं. पण त्या मगाच्या आवाजानं जसं धडपडून दप्तर उचललं जायचं तसं ह्याच्यानं काही होत नाही.

सुट्टी लागली की मी सांगलीला मावशीकडे. मावशीचं घर नदीच्या अंगाला, जुन्या वस्तीत. शेजारी पद्मजाचं घर. तिच्या वडिलांचा हळदीचा व्यापार, त्यामुळे त्या घराला कायम हळदीचा वास, आणि उंबऱ्यावर पाय ठेवला की तळवे पिवळे. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. मी संध्याकाळी खेळायला गेले की काकू आधी पानावर बसवायच्या, मग खेळ. पद्मजा माझ्याच वयाची, आठवीतली. तिनं मला कार्डांचा नाद लावला. त्या खेळाचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं, आम्ही नुसतं "कार्डं" म्हणायचो. प्रत्येक कार्डावर एक विचित्र प्राणी, खाली त्याची ताकद आणि त्याचे नियम बारीक इंग्रजीत. आपापली गड्डी पिसायची, एकेक प्राणी मैदानात उतरवायचा आणि समोरच्याचे पाडायचे. मावशीला वाटायचं आम्ही पत्ते कुटतोय. "पोरींनी पत्ते खेळायचं म्हणजे कमालच झाली बाई," असं ती भडंगाची परात पुढ्यात ठेवता ठेवता रोज म्हणायची, आणि भडंग मात्र रोज द्यायची.

रविवारी आम्ही दोघी विश्रामबागला जायचो. तिथल्या एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर दहाबारा पोरं जमायची. बहुतेक सगळे मुलगे, त्यातल्या अर्ध्यांची कार्डं नकली. दुकानवाले काका पंचगिरी करायचे. त्यांचा एक नियम कडक होता, जे कार्ड कुणाला वाचता येत नाही ते खेळायचं नाही. हा नियम त्यांनी केला तोच पद्मजामुळे.

पद्मजाचा भाऊ सम्मेद, कंपनीनं त्याला ट्रेनिंगला जपानला पाठवलं होतं. तिथून त्यानं पत्रात घालून एकच कार्ड पाठवलं. पाऊस पडतोय, आणि एक बेडूक मागच्या दोन पायांवर उभा राहून हातात कंदील धरून वाट बघतोय. कंदिलाच्या जागी सोनेरी चमकी, कोपऱ्यात सोनेरी शिक्का, आणि खाली सगळं जपानी. असली कार्डं दुकानात पाकिटातून मिळत नाहीत. तिकडे एखाद्या दिवशी, एखाद्या ठिकाणी फुकट वाटतात आणि मग पुन्हा छापतच नाहीत. हे काकांनी सांगितलं तेव्हा माडीवर चिडीचूप. पत्रात सम्मेदनं एवढंच लिहिलेलं, "हे असंच मिळालं, तुझ्यासाठी ठेवलं." पद्मजानं त्यादिवशी ते गड्डीत घालून आणलं, तर समोरचा पोरगा म्हणाला, "ह्याची ताकद काय? का तू सांगशील तीच?" आणि ती गप्प झाली. इतकी हुशार पोरगी, पण गप्प झाली की तिचा खालचा ओठ आत जायचा. तो ओठ बघून मला राहवलं नाही. मी म्हणून टाकलं, "माझ्या आईच्या कारखान्यात जपानी साहेब येणारेत मशीन बसवायला. सोबत दुभाषीबाई. मी वाचून आणते."

हे खोटं नव्हतं. आईनं खरंच सांगितलं होतं. पण तोंड माझं मोठं, आधीपासूनच. पद्मजानं दिवाळीची सुट्टी संपताना ते कार्ड त्याच्या पातळ प्लास्टिकच्या कव्हरात घालून, वर पुठ्ठा लावून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "पेटीत ठेवशील ना? कुलूप लावून? कुणाला दाखवणार नाहीस ना?" मी गळ्याची शपथ घेतली.

आणि साताऱ्याला आल्यावर आठ दिवसांत ते कंपासपेटीत घालून शाळेत नेलं.

का नेलं म्हणाल तर मिरवायला. दुसरं काही कारण नाही, उगाच वयाच्या नावावर खपवत नाही. मधल्या सुट्टीत पोरी तुटून पडल्या, एकीनं ओढलं, मी कंपासपेटीचं झाकण घाईनं दाबलं आणि कार्डाचा एक कोपरा झाकणात सापडला. उघडून बघितलं तर कोपरा दुमडलेला, त्यावर पांढरी रेघ. घरी येऊन मी कव्हर काढलं, कोपरा नखानं सरळ केला आणि कार्ड जाडजूड शब्दकोशाखाली ठेवून दिलं. रोज शाळेतून आले की शब्दकोश उचलून बघायची. रेघ काही जाईना.

चौथ्या-पाचव्या दिवशी शाळेतून आले तर शब्दकोश जागेवर, कार्ड नाही. तेवढ्यात आबा बाहेरून आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर पंधरा ऑगस्टचं तेज. आईही नुकतीच कामावरून आलेली, चहा उकळत होता. आबांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून ते काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "घे. आता मरणापर्यंत काय हुत न्हाई ह्याला."

बेडूक जाड प्लास्टिकात बंद. चारी बाजूंनी बोटभर रुंद कड सोडलेली. कंदिलाची चमकी उष्णतेनं फुगून तिथं दोन बुडबुडे आले होते. आणि दुमडलेला कोपरा तसाच, पांढऱ्या रेघेसकट, आता कायमचा.

मी काय बोलले ते सगळं आठवतं, आठवू नये असं वाटतं तरी. "तुम्हाला काय कळतंय यातलं? कुणी सांगितलं होतं हात लावायला? तुमचं ते लॅमिनेशनचं वेड तुमच्याजवळ ठेवा! सगळं घर प्लास्टिकात घातलंय, लोक हसतात आपल्याला!" आईनं "सुवर्णा!" म्हणून आवाज चढवला. मी तरी थांबले नाही. म्हणाले, "हे खेळायचं असतं! बाकीच्या कार्डांत मिसळायचं असतं! आता ही एवढी मोठी कड घेऊन कसं मिसळणार? आणि ते माझं नाहीच आहे!"

आबांचा हात तसाच पुढे होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला. "कुणाचं हाय?"

"सांगलीच्या पद्मजाचं. तिच्या भावानं जपानहून पाठवलेलं. मला फक्त वाचायला दिलेलं."

आबा खुर्चीवर बसले. चहा उतू गेला, आई गॅसकडे धावली. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या सामानाची नासधूस झाली माझ्या हातनं." एवढंच. माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी रडत रडत सुचवलं, बसमध्ये हरवलं म्हणून फोन करू. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नाक पुसून गप्प बसले. "फौजंत असं झालं तर मानूस स्वतः जाऊन साहेबाम्होरं हुबा ऱ्हातो," ते म्हणाले. "चिठ्ठी न्हाई, फोन न्हाई. रविवारी सांगलीला जायाचं."

मधल्या दिवसांत जपानी साहेब आले. आईनं ते कार्ड कारखान्यात नेलं. साहेबांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणे डोक्यालाच हात लावला, त्यांच्या मुलालाही असल्या कार्डांचा नाद होता. दुभाषीबाई पुण्याच्या. त्यांनी आईच्या वहीतल्या कागदावर मराठीत लिहून दिलं. तो कागद आईनं मला दाखवला. त्यावर लिहिलं होतं, "दुकान उघडण्याआधीपासून रांगेत उभं राहून वाट पाहणाऱ्या पहिल्या ग्राहकांसाठी. आठवणीचं कार्ड. खेळात वापरता येणार नाही. पावसात थांबल्याबद्दल आभार."

म्हणजे ते खेळायचं कार्ड नव्हतंच. मला क्षणभर इतकं हायसं वाटलं की मी आईला म्हणाले, "मग काय बिघडलं? नाहीतरी चालणार नव्हतं!" आई कणीक मळत होती. म्हणाली, "तिला विचार काय बिघडलं ते."

रविवारी आबांनी कोट बाहेर काढला. पदकांची पट्टी लावली. तो कोट वर्षातून दोनदा निघायचा. आई म्हणाली, "आवं आबा, लहान पोरीकडं जायचंय, कोट कशाला?" आबा म्हणाले, "ती लहान हाय. चूक न्हाई लहान." एसटीत खिडकीशी मी, शेजारी आबा ताठ बसलेले, मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा. कराड गेलं, मग उसाचीच शेतं दोन्हीकडे. उतरेपर्यंत आबा पाठ न टेकता बसले होते. मी आतल्या आत घोकत होते, कोपरा माझ्यामुळे दुमडला, कोपरा माझ्यामुळे दुमडला. घोकून घोकून वाक्याची धारच गेली.

पद्मजाच्या घरी सोप्यात हळदीची पोती रचलेली. तिचे वडील, काकू, सगळे बाहेर आले, फौजी माणूस बघून खुर्ची पुढे केली. आबा बसले नाहीत. पद्मजा आतून आली तसे ते सावधानमध्ये उभे राहिले, खरंच, टाचा जुळवून, आणि म्हणाले, "बाळ, तुजं कार्ड माज्या हातनं खराब झालं. मी नीट ऱ्हावं म्हणून केलं, पर इचारलं न्हाई. न इचारता केलं ही चूक. तू काय बोलशील ते मी ऐकून घ्याया आलोय."

पद्मजाच्या वडिलांना काय करावं सुचेना. "आवं आसं काय करताय, पोरांचा खेळ त्यो," असं म्हणत त्यांनी आबांचा हात धरला. पण आबा पद्मजाकडेच बघत होते. तिनं कार्ड हातात घेतलं. बुडबुड्यांवरून बोट फिरवलं. मग मी दुभाषीबाईंनी लिहिलेला कागद दिला, तो वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. "दादा पावसात उभा होता," ती म्हणाली. "त्यानं लिहिलं असंच मिळालं." काकूंनी पदर तोंडाशी नेला. पद्मजाचा खालचा ओठ आत गेला आणि ती कार्ड घेऊन आतल्या खोलीत निघून गेली.

मला तेव्हा बोलायचं होतं. वाक्य जिभेवर होतं. पण तेवढ्यात काकूंनी पानं घेतली, दिवस मावळायला आलेला, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाल्या, आणि मी ते वाक्य वरणभाताबरोबर गिळलं. निघताना पद्मजा बाहेर आली, डोळे लाल. आबांच्या पाया पडून म्हणाली, "राहू दे आबा. तुम्ही एवढ्या लांबनं आलात." माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मी म्हणाले, "आबा, तो कोपरा..."

"ठाव हाय मला," आबा म्हणाले. "बुकाखाली कशापाय ठेवलंवतंस ते कळलं हुतं. म्हनूनच नेलं. म्हटलं गरम केलं की इस्त्री केल्यागत सरळ हुईल, पोरीची काळजी मिटंल."

"मग तिथं का नाही सांगितलं?"

"माजं मी सांगितलं. तुजं तू कवा सांगायचं ते तू बघ." आणि त्यांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. मला ती चघळताना इतकी लाज वाटली की आजही कुणी पेपरमिंट पुढे केली तर मी नको म्हणते.

मे महिन्यात पद्मजा पुन्हा बोलायला लागली. रविवारी पुन्हा माडीवर जाणं, पुन्हा भडंग. मैत्री तुटली नाही. पण तिनं मला पुन्हा कधी काही सांभाळायला दिलं नाही, साधं पेनसुद्धा "इथंच लिही आणि दे" म्हणायची. मला ते टोचायचं आणि टोचतंय हे सांगायची सोय नव्हती. बेडूक तिनं कार्डांच्या डब्यात सगळ्यात खाली ठेवला होता, कडेमुळे तो आडवाच बसायचा. पुढे कॉलेज झालं, लग्नं झाली. ती माहेरच्या घरातच राहून वडिलांचा व्यापार बघायला लागली, मी पुण्याला गेले. वाक्य अजून जिभेवरच होतं. वर्षं गेली की असली वाक्यं विरघळतात असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे.

मग नदीला पूर आला. सांगलीत पाणी घरात येणं कुणाला नवं नाही, पण त्या वर्षी ते माळ्यापर्यंत चढलं. ओसरल्यावर मी खराटे, फिनेल, जुनी लुगडी घेऊन गेले. गल्लीत शिरले आणि जागीच उभी राहिले. पोत्यांतली हळद भिजून वाहिलेली, गाळ पिवळा, भिंती वरपर्यंत पिवळ्या, कुत्र्यांचे पायसुद्धा पिवळे. पद्मजा दारात बसून कार्डांचा डबा उघडत होती. लहानपणापासूनची सगळी कार्डं, कव्हरातली, बिनकव्हरातली, सगळ्यांचा मिळून एक लगदा झाला होता, लिंपणाच्या मातीसारखा. ती बोटांनी उकरत होती. तळाशी तिचं बोट कशाला तरी लागलं. तिनं ओढून काढलं, नळाखाली धरलं, हळदीचं पाणी वाहून गेलं आणि आत बेडूक. कोरडा. कंदील घेऊन तसाच उभा.

आम्ही दोघी चिखलात बसून वेड्यासारख्या हसलो. हसता हसता ती रडायला लागली, आणि मला वाटलं आता नाही बोलले तर कधीच नाही.

"पद्मे, तो कोपरा माझ्यामुळं दुमडला. शाळेत नेलं होतं मी. आबांच्या आधी."

तिनं कार्ड पदराला पुसलं. "ठाऊक आहे गं. प्लास्टिकातनं दिसतंय की सगळं. पहिल्या दिवसापासनं दिसतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"आबा कोट घालून उभे होते. त्यांच्यापुढं तुझं काय काढू?" ती म्हणाली. मग तिनं कार्ड माझ्या हातात दिलं. "भिंती वाळायला दोन महिने जातील. तोवर तुझ्याकडं ठेव. पेटीत."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी तिथून सरळ साताऱ्याला गेले. आबा तेव्हा नव्वदीच्या घरात, ऐकायला जवळजवळ येत नव्हतं, ट्रान्झिस्टर नुसता हातात धरून बसायचे. मी कार्ड त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आबा, पूर आला, सगळं गेलं, हे एकटं राहिलं!"

त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. उन्हाकडे धरलं. मग नख चारी बाजूंनी कडेवरून सावकाश फिरवलं, एखादी फट आहे का बघत. "पानी शिरलं न्हाई," ते म्हणाले. "शिरंल कसं? त्यो येडा लॅमिनेशनवाला कडा कापाय निघाला हुता. मी म्हटलं, खबरदार. चारी बाजूनी कड सोड."

मी हसले. त्यांनी कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि त्यांचं बोट त्या दुमडलेल्या कोपऱ्यावर येऊन थांबलं.

"आन तुजं? सांगितलंस?"

"सांगितलं, आबा."

"कवा?"

"काल."

त्यांनी मान डोलावली, कार्ड मला परत दिलं आणि ट्रान्झिस्टर मांडीवर घेतला. "मग च्या टाक," ते म्हणाले.